मोठ्या स्थळाला विचारणं

बारावीनंतरच्या कॉलेजांना स्थळं म्हणायची पद्धत आमच्या घरात मोठ्या बाबांनी पाडली. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात आणि आसपासच्या गावांत त्यांनी इतकी लग्नं जमवली आहेत की बाजाराच्या दिवशी त्यांच्यासोबत निघालं की दर दुकानापुढे एखादा व्याही भेटतो आणि दर व्याह्यामागे एक चहा होतो. या कामाचा ते कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. त्यांची ती हौस आहे. कुणी कबुतरं पाळतं, आमचे मोठे बाबा सोयरिकी जुळवतात.

त्यांचा एक अभिमान होता आणि तो ते वारंवार ऐकवत. "माह्या तोंडून गेलेल्या मागणीला आजपावतर कोणी न्हाई म्हणलं न्हाई." हे खरंच होतं. पण त्यामागची युक्ती घरातल्या सगळ्यांना माहीत होती. जिथून नकार येऊ शकतो तिथं ते मागणी घालायचेच नाहीत. आधी तिऱ्हाइताकडून खडा टाकून बघायचे. मग बैल बघायच्या निमित्तानं त्या गावी जायचे, त्या घरी पाणी प्यायचे, दोन शब्द हवापाण्याचे बोलायचे आणि घरातल्या बाईनं चहा किती मनापासून केलाय यावरून काय ते ओळखायचे. प्रत्यक्ष मागणी जायची तेव्हा होकार आधीच येऊन बसलेला असायचा. नकार आला की तो पोरीच्या नावाला चिकटतो आणि पुढचं घरही दोनदा विचार करतं, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते आणि मला ते शहाणपणाचंच वाटायचं. माझ्यावर शेकेपर्यंत.

माझ्यावर शेकलं ते सीईटीचा निकाल लागला तेव्हा. मला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं. मुलीच्या जातीला हे खूळ कुठून आलं, असं गावात बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्या अंगणातच उभं होतं. हळद काढली की ती शिजवावी लागते. त्यासाठी वडिलांकडे वाफेवर चालणारं यंत्र होतं. हंगामात ते ट्रॅक्टरला जोडून गावोगाव फिरायचे आणि लोकांची हळद शिजवून द्यायचे. वाफ कुठून येते, कुठं अडते, दाबाचा काटा कुठवर गेला की भीती आणि कुठवर असला की बिनघोर, हे मला पुस्तकाच्या आधी कळलं होतं. त्या यंत्राचा एक व्हॉल्व्ह दरवर्षी दगा द्यायचा. तो काहून दगा देतो हे कळेल तेव्हा मी माणसात आले असं समजेन, असं मी ठरवून टाकलं होतं.

मला हवं होतं ते कॉलेज मोठ्या शहरातलं, जुनं, सरकारी. त्याचं नाव इथं घेत नाही. त्यानं माझं काही वाईट केलेलं नाही, आणि मी अजून मनात धरून बसलेय असं त्याला उगाच वाटायला नको. मोठे बाबा त्याला 'मोठं स्थळ' म्हणायचे. माझे मार्क वाईट नव्हते, पण छातीठोक म्हणावे असेही नव्हते. मी फोनवर मागच्या वर्षांचे कट-ऑफ काढून बसायची. कट-ऑफ म्हणजे त्या वर्षी त्या कॉलेजात सगळ्यात शेवटी ज्याचा नंबर लागला त्याचे मार्क. मागच्या वर्षी तिथं शेवटी लागलेली मुलगी माझ्या थोडी पुढं होती, त्याच्या आदल्या वर्षीची माझ्या थोडी मागं. या वर्षीचं देवालाही ठाऊक नव्हतं. सकाळी पोट भरलेलं असलं की मला ते कॉलेज हमखास लागायचं. दुपारी आई शेतात निंदायला बोलवायची तोवर ते हातचं गेलेलं असायचं. संध्याकाळी कुणी तरी म्हणायचं की यंदा पेपर अवघड होता, की परत लागायचं. असं रोज माझं ॲडमिशन होत होतं आणि रोज रद्द होत होतं.

नियम खरं तर साधा आहे. आपल्याला हवी ती कॉलेजं आवडीच्या क्रमानं भरायची, सगळ्यात आवडतं ते सगळ्यात वर. मार्कांप्रमाणे आपली पाळी आली की कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो आणि ज्या पहिल्या कॉलेजात जागा मिळते तिथं थांबतो. वरच्यांनी नाही म्हटलं म्हणून खालचं जात नाही. फक्त एक मेख आहे. पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेजच लागलं, तर ते घ्यावंच लागतं. नंतर हळहळून उपयोग नसतो, पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात.

हे मी मोठ्या बाबांना ओसरीवर बसून समजावलं. आमच्या घरात मोठे निर्णय त्यांचेच. वडील त्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत. मोठ्या बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे ज्याचा होकार नक्की हाय, त्याला आपण खाली चौथ्या-पाचव्या नंबराला बसवायचं?"

"हो."

"आन् हे त्याला कळंल तवा?"

"त्याला कळत नाही, मोठे बाबा. ते फक्त कॉम्प्युटरला माहीत असतं."

"मंग कॉम्प्युटर सांगंल. घरातली गोष्ट भायेर जातेच. आपल्याला चौथं धरलं म्हणून तो रुसणार न्हाई व्हय? मी असतो तर म्हणलो असतो, जा बाई त्या पहिल्याकडंच."

हसू आवरून मी परत पहिल्यापासून समजावलं. त्यांनीही परत पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि त्यांचं मत तसूभरही हललं नाही. उलट एवढा वेळ विचार केल्यावर ते म्हणाले, की आधी एखादं स्थळ जाऊन बघून येऊ.

म्हणून आम्ही गेलो. हिंगोलीहून तासाभराच्या अंतरावर, रस्त्याला लागून, शेतांच्या मधोमध एक खाजगी कॉलेज होतं. नवी कोरी इमारत, पुढे लावलेली झाडं अजून माझ्या कमरेला लागत होती. मोठे बाबा परीटघडीचं धोतर नेसले होते. फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी कॉलेजचं काही विचारलं नाही. "पानी भेटंल का जरासं?" एवढंच विचारलं. त्यानं गार पाणी दिलं तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. पहिली परीक्षा कॉलेज पास झालं होतं.

आत ऑफिसात प्रवेशाचं काम बघणारे एक क्लार्क होते. विद्यार्थी मिळवायची त्यांना घाई होती आणि माणूस मुळातच गोड होता. त्यांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं. माझे मार्क बघितले. शिपायाला हाक मारली. थोड्या वेळानं चहा आला आणि त्याच्यासोबत पोहे आले, वर खोबरं आणि कोथिंबीर घातलेले. ते पोहे बघताच मी मोठ्या बाबांकडे पाहिलं. मोठ्या बाबांच्या हिशेबी हा साधा नाश्ता नव्हता, तो बघण्याचा कार्यक्रम होता.

"काका, तुमच्या मुलीचं आमच्याकडे शंभर टक्के होतंय," क्लार्क म्हणाले. "आमची तर इच्छाच आहे, अशा मुली यायला पाहिजेत."

मोठ्या बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, रुमालानं मिशा पुसल्या आणि जमलेल्या प्रत्येक लग्नात म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "मंग ठरलं. पहिलं नाव तुमचंच."

परतीच्या जीपमध्ये मी बाहेर तोंड करून बसले. दहा माणसांच्या जीपमध्ये सतरा माणसं, त्यात कुणाची तरी कोंबडी माझ्या पायाशी. मोठे बाबा मात्र खुशीत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, की इंजिनीअरचं कॉलेज आपणहून पोरीला मागून राहिलं. मला इतका राग आला होता की त्या कोंबडीनं टोच मारली असती तर मी तिला उलट टोच मारली असती.

घरी आल्यावर माझा तोल गेला. मी वडिलांना म्हटलं की हे कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं तर ते लागणारच, आणि लागलं की तेच घ्यावं लागणार. मोठं तर गेलंच, मधली तीन-चार चांगली कॉलेजं पण मी कधी मागितली नाहीत असं होणार. माझे मार्क जिथं कुठं नेऊ शकत होते, तिथं मी जाणारच नाही. वडिलांनी यंत्राचा पाइप पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊनं शब्द देला ना पण." मी विचारलं, "माझ्या नावानं शब्द देताना मला विचारलं का?" वडील पाइप पुसत राहिले. मग मी मोठ्या बाबांकडे वळले आणि म्हटलं, एवढीच हौस आहे तर माझं लग्नच लावून द्या, कॉलेजचं नाटक कशाला करता?

हे त्यांना लागलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खाटेवर टेकले आणि म्हणाले, "पोरी, मी तुहं वाईट करून राहिलो का? मोठ्याला इचारायचं आन् त्यानं तोंडावर न्हाई म्हणायचं. सगळ्या गावाला माहीत व्हनार. तू मंग रडत बसनार. मला ते पाहवनार न्हाई, म्हणून म्हणून राहिलो." त्यात खोटं काही नव्हतं. माझ्यावर जीव होता म्हणूनच ते माझी वाट अडवत होते. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

अर्ज भरायची मुदत दोन दिवसांनी संपणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, चुलीपुढे भाकरी टाकत होती. ती कमी बोलते. पुरुषांचं बोलणं चालू असताना मध्ये बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मोठे बाबा तिलाच ऐकवत होते, की पोरीच्या जातीला जमंल ते स्थळ आधी पाहावं, त्यातच सुख असतं.

मोठ्या आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "माह्या बापानं बी तेच केलं."

"मंग? वाईट झालं काय?"

"वाईट कशाला व्हईल. तुमी चांगलेच निघाले." तिनं भाकरी काढून त्यांच्याच ताटात वाढली. "पण आमच्याकडं तवा दोन ठिकानं व्हती. वाशिमला एक मास्तर व्हता. त्याच्या घरच्यानं मला लग्नात पाहिलं व्हतं, आन् चौकशी बी केली व्हती. माहा बाप म्हणला, ते शिकेलं घर हाय, आपल्याला न्हाई म्हणतील, आपलीच शोभा व्हईल. गोरेगावचे नक्की हो म्हणतील, तिथंच जाऊ. मास्तरकडं तो गेलाच न्हाई."

आई हातातला घास हातात धरून बसली होती.

"ते न्हाईच म्हणले असते," मोठे बाबा म्हणाले.

"म्हणले असते. मंग मी राजीखुशीनं इथं आले असते." मोठी आई पिठाचा गोळा थापायला लागली. "आता इतके साल झाले. कवा कवा भाकरी टाकता टाकता मनात येतं, ते काय म्हणले असते? हो म्हणले असते, का न्हाई? मला मास्तर नको हाय वो. मला फक्त हे माहीत नसल्याचं वाटतं. इचारायला पाहिजे व्हतं."

मोठ्या बाबांनी ताटाकडे बघत विचारलं, "एवढे साल झाले आन् हे तू आज सांगून राहिली?"

"आज इषय निघाला."

आई आधी हसली, मग वडील, मग मोठे बाबाही हसले, पण त्यांचं हसू लवकर आटोपलं. त्यांनी ती भाकरी पूर्ण खाल्ली, हात धुतले आणि खाटेवर आडवे झाले. झोप मात्र लागली नसावी, कारण ते छताकडे बघत होते. मला त्यांची दया आली आणि मोठ्या आईचा अभिमान वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, म्हणून मी ताटं घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वडील हिंगोलीच्या जीपकडे निघालो तेव्हा मोठे बाबा आमच्या आधीच जीपमध्ये बसलेले होते. हिंगोलीत ज्या सेवा केंद्रात अर्ज भरायचे तिथं गर्दी होती. आमचा नंबर आला तसा केंद्रवाल्यानं विचारलं, पहिलं कोणतं टाकू? मी मोठ्या बाबांकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहतेस? तुला कुठं जायचं, ते सांग त्याला," ते म्हणाले. "पण जरा थांब. आधी मला एक फोन करू दे."

केंद्राबाहेर येऊन त्यांनी माझ्या फोनवरून त्या खाजगी कॉलेजच्या क्लार्कला फोन लावायला लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू येत होतं. "साहेब, मी गोरेगावचा. परवा पोहे खाऊन गेलो, तो. मी तुमाला शब्द देला व्हता. तो मी वापस घेऊन राहिलो. आमी तुमाला शेवटच्या नंबरावर ठेवून राहिलो. पोरीच्या मनात वरची ठिकानं हायेत. राग धरू नका."

पलीकडून क्लार्क म्हणाले, "काका, असं फोन करून सांगणारे तुम्ही पहिलेच. सगळे असंच भरतात हो, त्यात राग कसला? पोरीला वरचं लागू दे. नाहीच लागलं तर आम्ही आहोतच."

फोन माझ्या हातात देताना मोठ्या बाबांचा चेहरा मोकळा झाला होता. शब्द मोडला होता, पण चोरून नाही. आत जाऊन मी मोठं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं, मग एक, मग दुसरं, मग तिसरं, आणि तो पोह्यांचा मान राखून ते कॉलेज सगळ्यात खाली. अर्ज पक्का करायच्या बटणापाशी थांबून मी सगळी नावं परत एकदा वाचली. मोठे बाबा मागून म्हणाले, "दाब ना. इचारायला काय लागतं?"

पहिली फेरी लागली. मोठ्या कॉलेजनं नाही म्हटलं. त्याखालच्यानंही नाही म्हटलं. तिसऱ्यानं हो म्हटलं. तेही सरकारीच, जुनं, काही जिल्हे ओलांडून गेल्यावर येणारं. मोठ्याच्या नादात मी त्याचा फारसा विचारही केला नव्हता. मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून ते जेमतेम माझ्या आवाक्यात होतं, आणि खाजगी कॉलेज पहिलं टाकलं असतं तर ते मी आयुष्यात कधी बघितलंच नसतं. ती जागा राखून मी दुसऱ्या फेरीत परत मोठ्या कॉलेजची वाट बघितली. त्यानं परत नाही म्हटलं, या वेळी कट-ऑफ माझ्या अगदी जवळ येऊन थांबला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी गोठ्यामागे जाऊन थोडी रडले. मग तोंड धुतलं आणि वडिलांना म्हटलं, होस्टेलला कोणत्या गादीची सोय असते ते विचारून घ्या. रडणं तेवढ्यावरच संपलं. मोठे बाबा ज्या रडण्याला एवढे भ्यायले होते ते एवढंसंच निघालं.

त्या कॉलेजात मी चार वर्षं काढली आणि मजेत काढली. आता मी बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात आहे. वडिलांच्या यंत्राचा तो व्हॉल्व्ह काहून दगा देतो ते मला तिसऱ्या वर्षाला कळलं. घरी जाऊन मी तो बदलून दिला, तर वडील म्हणाले की आता हंगामात भांडायला काही उरलं नाही.

पण सांगायचं आहे ते मी कॉलेजला निघाले त्या दिवसाचं. बाजाराचा दिवस होता. माझी पेटी जीपच्या टपावर बांधून झाली होती. वडील आत जागा धरून बसले होते, आई मला डबा देत होती, मोठे बाबा आणि मोठी आई निरोप द्यायला थांबले होते. समोरच्या चहाच्या हॉटेलात गावातली बरीच माणसं बसलेली. त्यांत शेजारच्या गावचे एक पाहुणे होते. तेही लग्नं जमवायचे आणि मोठ्या बाबांशी त्यांची जुनी चढाओढ होती. त्यांनी बसल्या जागेवरून मोठ्यानं विचारलं, "का वो, पोरगी त्या मोठ्या कॉलेजात निघाली म्हणं?"

त्यांना खरं काय ते माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. मी डब्याची पिशवी घट्ट धरली. हो म्हणून हसून विषय टाळता आला असता, मोठे बाबा अशा वेळी तेच करायचे.

मोठे बाबा हॉटेलाकडे वळले. "न्हाई," ते म्हणाले. "मोठ्या ठिकानी आमी इचारलं. ते न्हाई म्हणले. मंग दुसऱ्यांदा इचारलं. तवा बी न्हाई म्हणले. ही चालली ते तिसरं ठिकान हाय, आन् तिथं ही सोताच्या बळावर चालली."

जन्मभर ज्यांनी आपल्या मागणीला कधी नाही ऐकलं नव्हतं, त्यांनी ते भर बाजारात, ताठ मानेनं, आपल्या तोंडानं सांगितलं होतं. माझ्यासाठी.

मोठी आई त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "अजून एकदा सांगा. त्या मागच्या लोकायला आयकू आलं नसंल."

मग त्यांनी परत सांगितलं.